गर्दी नव्हती तेव्हाची कासवं

नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून बोलतेय. आमच्याकडे घरगुती राहण्याजेवणाची सोय आहे, दोनच खोल्या आहेत पण कासवांच्या सीझनला रिकाम्या राहत नाहीत. आज मला कोरोनाच्या वर्षाबद्दल बोलायचंय, कारण तेव्हाचं एक वाक्य मला अजून टोचतं. माणूस घरात बसला आणि निसर्गाने मोकळा श्वास घेतला, असं तेव्हा मोबाईलवर सगळीकडे फिरत होतं. नवी मुंबईच्या खाडीतले फ्लेमिंगो, जालंधरमधून दिसणारी धौलाधारची बर्फाची शिखरं... फोटो खरे होते, मी पण चार ग्रुपवर टाकले. पण आमच्या किनाऱ्यावर काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते त्या वाक्यात काही केल्या बसत नाही.

आधी कासवांचं सांगते. ऑलिव्ह रिडलेची मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूत येते, दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसंच काढून न्यायची, खायची, विकायची, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी. मग २००२ ला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या भाऊ काटदरेंनी आणि त्यांच्या मंडळींनी वेळास गावात कासवं वाचवायचं काम सुरू केलं, गावालाच बरोबर घेतलं, आणि काही वर्षांनी तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्यामुंबईची माणसं येऊ लागली, गावात राहू लागली, घरचं जेवू लागली. आंजर्ल्याला आणि आणखी गावांत पण मग तेच सुरू झालं. म्हणजे जे घर आधी अंडी विकायचं त्याच घरात आता अंडी राखल्यामुळे पैसे यायला लागले. सगळं काम उभं आहे ते ह्याच्यावर, हे शहरातल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही.

आणि मार्च २०२० मध्ये, ऐन सीझनमध्ये, ते थांबलं. दोन दिवस मी फक्त फोन घेत होते, ताई आम्ही येत नाही, ताई अॅडव्हान्सचं काय. एका काकूंनी मात्र सांगितलं की पैसे राहू देत, पुढच्या वर्षी येऊ, त्या माझ्या कायम लक्षात राहिल्या. मग चाकरमानी गावाकडे यायला लागले, शाळेत क्वारंटाईन, गावात भीती आणि कुजबुज, आणि तिकडे हॅचरीत, म्हणजे अंडी राखायला किनाऱ्यावर केलेल्या कुंपणात, अंडी वाळूखाली होतीच की! त्यांना पिकायला पन्नासेक दिवस लागतात, ते काय लॉकडाऊनसाठी थांबणार होते?

आमच्या शेजारचा मुलगा कासवमित्र आहे, म्हणजे घरट्यांची राखण करतो. मानधन तुटपुंजं, बाकी त्याचं घर पर्यटकांना खाडीत होडीतून फिरवून चालायचं, ते बंद. तरी तो रोज पहाटे बॅटरी आणि काठी घेऊन जायचा, कुत्री जास्तच यायला लागली होती कारण त्यांना पण कुठे खरकटं मिळत नव्हतं. एका सकाळी त्याने मला बोलावलं. घरट्यावरची टोपली उचलली तर खाली काळपट पिल्लं एकमेकांवर चढलेली, अर्ध्या तळहाताएवढी, पाठीवर ओली वाळू. एरवी दोरीमागे दीडदोनशे माणसं आणि कॅमेरे असतात, त्या दिवशी आम्ही दोघं. एकसष्ट मोजली. तो म्हणाला, वहिनी, हा महिना काढतो, पुढे नाही जमलं तर मुंबईला जावं लागेल. मग मुंबई पण बंद आहे हे त्याचं त्यालाच आठवलं आणि गप्प झाला.

हे फक्त आमच्याकडे नाही झालं. ट्रॅफिक नावाची संस्था आहे, वन्यजीवांच्या चोरट्या व्यापारावर लक्ष ठेवते, त्यांनी देशभरातल्या शिकारीच्या बातम्या मोजल्या. लॉकडाऊनच्या आधीच्या सहा आठवड्यांत ३५, लॉकडाऊनच्या पहिल्या सहा आठवड्यांत ८८. हाताला काम नाही, रस्त्यावर वर्दळ नाही, मग माणूस रानाकडेच वळणार. ताडोबात गाईड आणि जिप्सीवाल्यांचं पण पोट गेटवर अवलंबून, ती गेटंच बंद.

आणि मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरकडे जमिनीवर चढलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, बाणकोट खाडीच्या अलीकडे आम्ही. किनाऱ्यावरचं सुरूचं बन आडवं झालं, माड मोडले, आणि पोफळी तर अशा पडल्या की आपल्याच बागेत वाट सापडेना. सासऱ्यांनी लावलेली बाग होती ती. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. कित्येक दिवस वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि मदतीला येणाऱ्या माणसाला पण जवळ घ्यायची भीती.

तापलेल्या समुद्रावर वादळं जोर धरतात, आणि समुद्र तापतो तो हवेत साठलेल्या कार्बनमुळे, हे आम्हाला नंतर समजावून सांगितलं लोकांनी. मला वाटलेलं, एवढ्या गाड्या, विमानं बंद आहेत म्हणजे हवा सुधारली असेल. तर त्या वर्षी जगाचा कार्बनचा धूर जेमतेम पाचेक टक्के कमी झाला, पुढच्याच वर्षी जवळजवळ पुन्हा तेवढा. आणि हवेत साठलेला कार्बन त्या वर्षी पण वाढतच राहिला, कारण या वर्षी थोडं कमी कर्ज काढलं म्हणून आधीचं फिटत नाही. तेव्हाच सगळे देश बसून बोलणार होते, हवामानबदलावरची ग्लासगोची परिषद, ती नोव्हेंबर २०२० ची पुढच्या वर्षावर गेली. आजारपणात दुसरं काय करणार, कळतं मला. पण मे २०२१ मध्ये आमच्या किनाऱ्याजवळून तौक्ते वादळ गेलं आणि जुलैत चिपळूण पाण्याखाली होतं.

कासवांना तर हे तापणं जास्तच लागतं. वाळू किती तापलीय त्यावर पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं, गरम वाळूत माद्याच जास्त. म्हणून हॅचरीवर आता सावलीची जाळी धरतात.

तो शेजारचा मुलगा गेला नाही. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाईटचं यंत्र बसवलं, प्रथमा नाव ठेवलं, तेव्हा महिनोन् महिने ती कुठे पोचली ते तो मला मोबाईलवर दाखवायचा. त्या काकू पण आल्या, जुना अॅडव्हान्स धरून घ्यायला तयारच नव्हत्या, नवीन पैसे दिले.

या सीझनला तुम्ही येणार असाल तर पहाटे साडेपाचला उठायची तयारी ठेवा, फ्लॅश मारू नका, पिल्लाला हात लावू नका आणि हॉटेल सोडून गावातल्या घरात उतरा. मला त्या एकसष्टांचं नेहमी मनात येतं. हजारातलं एखादं जगतं म्हणतात, आणि जगलं तर अंडी घालायच्या वयाला यायला दहा-पंधरा वर्षं. तोवर पहाटे किनाऱ्यावर बॅटरी घेऊन फिरणारं कुणीतरी इथे असायला हवं.