फ्रीजरमधला कुत्रा

(दृश्य : फ्रीजरचं दार उघडतं. बर्फाचा ट्रे, मटारची पिशवी, आणि तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला तपकिरी कापडी कुत्रा.)

हा शेरू. काल रात्री आठला आत गेला, आज रात्री आठला बाहेर येईल. त्याला थंडी वाजत असेल का, हा प्रश्न आमच्या घरात दर पंधरवड्याला विचारला जातो. उत्तर ठरलेलं : नाही, तो झोपलाय.

शेरू आमच्याकडे आला तो खऱ्या कुत्र्याच्या बदली. थोरली बोलायला लागली तेव्हापासून कुत्रा मागते आहे. आम्ही डोंबिवलीत, तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सासूबाईंचं म्हणणं एका वाक्यात : "घरात केस नकोत." आणि धाकट्याला बाळदमा. पावसाळा लागला की छातीत घरघर, रात्री दोनला उठून औषधाचा पंप, त्याला लावायची स्पेसर नावाची नळी, मास्क. म्हणून कापडी कुत्रा. केस गळत नाहीत, भुंकत नाही, लसी टोचायला नकोत. थोरलीनं त्याला कुशीत घेतलं, नाव ठेवलं, आणि सहाव्या वाढदिवसाला केक कापता कापता विचारलं, "आता खरा कधी?"

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर कुरळ्या केसांची पिल्लं, एकामागून एक.)

एका विक्रेत्याला फोन लावला. "मॅडम, बिनधास्त घ्या. हायपोअ‍ॅलर्जेनिक आहे. केसच गळत नाहीत." किंमत ऐकून मी विषय बदलला. पण तो शब्द डोक्यात राहिला : हायपोअ‍ॅलर्जेनिक, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी कमी होते असा. कुत्र्यांच्या बाजारात तो एवढा चालतो, त्यामागे एक खरीखुरी गोष्ट आहे.

ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. तिथे वॅली कॉनरन नावाचे गृहस्थ पैदाशीचं काम बघायचे. हवाई बेटांवरून त्यांना एका अंध बाईंचं पत्र आलं : मला कुत्रा हवा आहे, पण माझ्या नवऱ्याला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे. कॉनरननी आधी पूडल वापरून पाहिले, ही कुरळ्या, कमी गळणाऱ्या केसांची जात. तीन वर्षांत ३३ पूडल झाले, वाटाड्याच्या कामाला एकही उतरला नाही. मग १९८९ च्या सुमारास त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. नवऱ्याला त्रास झाला नाही तो एकाच पिल्लाचा. त्याचं नाव सुलतान.

सुलतान हवाईला गेला. उरलेल्या दोघांना घ्यायला कोणी तयार होईना, संकराचं पिल्लू कोणाला हवं? मग कॉनरननी त्यांना एक नाव दिलं, लॅब्रॅडूडल. आणि फोन खणखणायला लागले. पुढे या नावाचा जो धंदा झाला, त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला आहे.

मला या गोष्टीत सुलतानपेक्षा उरलेली दोन पिल्लं जास्त महत्त्वाची वाटतात. आई तीच, बाप तोच, वेतही एकच. तरी त्या माणसाला तिघांपैकी एकच सोसला. मग फोनवरचा माणूस अख्ख्या जातीची हमी कशाच्या जोरावर देत होता?

२००९ साली ओबामांच्या मुलीच्या अ‍ॅलर्जीमुळे व्हाइट हाउसमध्ये 'बो' नावाचा पोर्तुगीज वॉटर डॉग आला, तेव्हा या समजुतीला आणखी जोर चढला. पण २०११ मध्ये डेट्रॉइटच्या संशोधकांनी घराघरांतली धूळ गोळा करून तपासली. तथाकथित हायपोअ‍ॅलर्जेनिक कुत्र्यांच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत अ‍ॅलर्जी आणणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण सारखंच निघालं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये तर अशा जातींच्या केसांवर ते जास्तच सापडलं.

(दृश्य : खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा. त्यात तरंगणारे कण.)

कारण केस हा मुळात गुन्हेगारच नाही. त्रास होतो तो लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या, मुतातल्या प्रथिनांचा. मांजर दिवसभर अंग चाटतं. लाळ वाळते, तिची भुकटी होते आणि तासन् तास हवेत राहते. स्फिंक्स नावाचं बिनकेसांचं मांजर मिळतं, पण जीभ त्यालाही आहेच. ही भुकटी कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या घरातही पोचते. मांजर दुसऱ्याला देऊन टाकलं, तरी घर निवळायला चार ते सहा महिने लागतात.

आता आमची पाळी.

(दृश्य : लहान मुलाचा हात, कोपरापासून मनगटापर्यंत. पेनानं लिहिलेले आकडे, प्रत्येकाशेजारी एक थेंब.)

धाकट्याची स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे कशाची अ‍ॅलर्जी आहे ते कातडीवर बघायची चाचणी. अ‍ॅलर्जीचं सिरप आठवडाभर आधी बंद केलं होतं, नाहीतर चाचणी खोटी येते. हातावर थेंब, प्रत्येक थेंबात बारीक टोच, आणि मग पंधरा मिनिटं न खाजवता बसायचं. साडेतीन वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं न खाजवता बसवणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच विचारा. मी त्याला कानात कावळा-चिमणीची गोष्ट सांगत होते. चिमणीचं बाळ तिसऱ्यांदा न्हाऊ घालून झालं, तेव्हा हातावर गांधी उठल्या, लालसर फुगवटे.

मांजराच्या थेंबाखाली ठळक गांध. कुत्र्याच्या थेंबाखाली लहान, कडेला जेमतेम लाल. आणि चार नंबरखाली चांगली चवली-पावलीएवढी. चार नंबर म्हणजे धुळीतले किडे, डस्ट माइट्स. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. गादीत, उशीत राहतात आणि आपल्या कातडीच्या गळलेल्या पापुद्र्यांवर जगतात.

डॉक्टरांनी विचारलं, "रात्री काय घेऊन झोपतो हा?"

शेरूला. थोरलीचा शेरू रात्री धाकट्याच्या नाकाखाली असायचा. खऱ्या कुत्र्याला टाळायचं म्हणून जो आणला, तोच दीड वर्ष किड्यांची चाळ पोटात घेऊन पोराच्या उशीवर लोळत होता.

तेव्हापासून शेरू चोवीस तास फ्रीजरमध्ये, मग धुवायला. गाद्या-उशांना घट्ट विणीची कव्हरं, चादरी दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात. त्या पावसाळ्यात पंप कमी लागला. बंद झाला असं नाही, कमी लागला.

पण कुत्र्याचं काय? डॉक्टर म्हणाल्या, "हातावर गांध आली म्हणजे घरात त्रास होईलच, असं नाही. आणि नाही आली म्हणजे होणारच नाही, असंही नाही. ज्या कुत्र्याबरोबर राहायचंय, त्याच्याबरोबर थोडे दिवस काढून बघा."

म्हणजे कॉनरनचीच पद्धत. त्यांनी केस पाठवले, आम्ही मुलगा घेऊन गेलो.

(दृश्य : बदलापूर. घराची ओटी. पायरीवर पसरलेली, पांढऱ्या-तांबूस रंगाची देशी कुत्री.)

बदलापूरला माझा भाऊ राहतो. त्याची ही कुत्री रस्त्यावरून आलेली, सात वर्षांची, नसबंदी झालेली, रेबीजची लस दरवर्षी. मऊ स्वभावाचं जनावर कसं असतं, ते मी हिच्याकडे बघून शिकले. पिल्लू गोड दिसतं खरं, पण पिल्लू चावरं असतं, दात शिवशिवत असतात. लहान मुलांच्या घरात स्वभाव ठरलेला मोठा कुत्रा बरा. शेपटी हलते म्हणजे खुशीत आहे, हेही खरं नाही. ही अस्वस्थ झाली की आधी तोंड फिरवते, मग ओठ चाटते, मग उठून जाते. उठून जायला तिला जागा आहे, हे महत्त्वाचं. मामानं भाच्यांना तीन गोष्टी बजावल्या : जेवताना तिच्याकडे जायचं नाही, झोपलेली असताना हात लावायचा नाही, गळ्यात पडायचं नाही. थोरलीला तिसरी गोष्ट फार जड गेली.

पहिला रविवार छान. दुसराही. तिसऱ्या रविवारी आम्ही रात्री राहिलो. दीडला धाकट्याचं खोकणं सुरू झालं, चार वाजेपर्यंत दोनदा पंप.

परत येताना लोकलमध्ये थोरली काही बोलली नाही. कळव्याला जाणारी एक बाई शेजारी बसली होती, तिनं विचारलं, "काय गं, रुसलीस का?" तेव्हा रडली.

लहानपणी घरात जनावरं असली तर अ‍ॅलर्जी कमी होते, असं कोणीतरी सांगतंच. त्याला आधार आहे. २००२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या वर्षी दोन किंवा जास्त कुत्री-मांजरी असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये सहा-सात वर्षांच्या वयात चाचणीत अ‍ॅलर्जी कमी निघाली. पण ती पहिल्या वर्षाची गोष्ट. ज्याची छाती आधीच वाजतेय, त्याच्यावर हा प्रयोग करायचा नसतो.

(दृश्य : बाजारातले पिंजरे, झपाझप बदलत जाणारे.)

मग बाकीची यादी. ससा? उचलताना पोरानं नीट धरला नाही आणि सशानं लाथ झाडली, तर सशाचाच कणा मोडतो. शिवाय त्याच्या वाळल्या गवताची धूळ. हॅमस्टर दिवसा झोपतो, आणि उठवलं की चावतो. मला उठवलं तर मीही चावेन. आपला राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तारा कासवाचंही तेच. दुकानात मिळणारं लाल कानाचं परदेशी कासव सोपं वाटतं, पण त्याच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू असू शकतो आणि लहान मुलं हात तोंडात घालतात. अमेरिकेनं चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५ सालीच बंद केली, ती याचसाठी. आपण ज्यांना लव्हबर्ड्स म्हणतो ते बजरीगर गोजिरे, पण पिसांची धूळ आणि विष्ठा दम्याच्या पोराजवळ नको.

तोडगा काढला सासूबाईंनी. "गप्पी आणा की. आमच्या गावी विहिरीत सोडायचे."

(दृश्य : कोकणातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. मागे सिमेंटची टाकी, भिंतीवर निळ्या रंगात अक्षरं : गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.)

ही घोषणा आपण सगळ्यांनी भिंतीवर वाचली आहे. मासा मात्र दक्षिण अमेरिकेतला. रॉबर्ट गप्पी नावाच्या माणसानं १८६६ मध्ये त्रिनिदादहून नमुने लंडनला पाठवले, त्याचं आडनाव माशाला लागलं. डासांच्या अळ्या खातो, म्हणून तो जगभर नेला गेला. गावच्या टाकीतले दहा मासे प्लॅस्टिकच्या बरणीत घालून आम्ही एसटीनं आणले.

आणि आठवड्यात सात मेले.

चूक माझी. काचेच्या गोल भांड्यात ठेवले, वर दिवसातून तीनदा खाणं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी स्वच्छ दिसतं आणि मासे गुदमरतात. थोरलीनं सातही कुंडीत पुरले, प्रत्येकावर एकेक बटण ठेवून.

(दृश्य : दोन फुटांची टाकी. हिरव्या पाणवनस्पती, वर काचेचं झाकण.)

दुसऱ्यांदा नीट केलं. दोन फूट बाय एक फूट टाकी, एक दिवस ठेवलेलं नळाचं पाणी, साधा फिल्टर. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, मग साबणानं हात धुवायचे. झाकण घट्ट, नाहीतर खोलीत ओल वाढते आणि भिंतीवर बुरशी येते, तीही अ‍ॅलर्जीवाल्याला वाईट. खाणं कोरड्या दाण्यांचं, आणि टाकीत टाकायचं काम माझं. सुकवलेल्या लाल अळ्या मिळतात, त्या घरात आणायच्या नाहीत : त्यांची भुकटी नाकात गेली तर तिचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. आणि कंटाळा आला म्हणून तलावात सोडायचे नाहीत, तिथल्या माशांचं खाणं पळवतात.

हा काही कुत्रा नव्हे. मांडीवर येत नाही, दारात वाट बघत नाही. थोरली अजून दर महिन्याला बदलापूरला जाते, एकटी, मामाबरोबर. आली की दारातच कपडे बदलते आणि सरळ न्हाणीघरात. धाकट्याची पुढची चाचणी दोन वर्षांनी, तेव्हा बघू.

पण एका रात्री तिनं मला हाक मारली. मादीच्या पोटाशी, शेपटीकडे एक काळपट डाग होता, तो गेले काही दिवस मोठा होत चालला होता. गप्पी अंडी घालत नाही. आमच्या डोळ्यांदेखत एक वळलेला ठिपका बाहेर पडला, खाली गेला, उलगडला आणि पोहायला लागला. मग दुसरा. धाकटा काचेला नाक लावून मोजत होता, एक, दोन, पाच, सात. त्याला तेवढंच येतं. गप्पी आपलीच पिल्लं खाते, म्हणून पाणवनस्पतीची एक जुडी आणखी सोडली. सकाळी तेवीस उरले होते.

आता एकच भांडण उरलंय. सासूबाईंना वाटतं, मासे उपाशी आहेत. दुपारी सगळे झोपले की त्या पोळीचा कुस्करा टाकतात.

(दृश्य : टाकीच्या काचेवर चिकटवलेला वहीचा कागद. पेन्सिलची मोठी, तिरकी अक्षरं.)

"आजी, यांना दीलय. शेरूला वीचार."