मार्ली मार्ल : रेडिओच्या कानाने घडवलेला ड्रम

मार्ली मार्ल, म्हणजे मार्लन विल्यम्स, हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतला. त्याची ओळख करून देताना दोन कामं वेगवेगळी सांगतात : रेडिओवरचा डीजे आणि रॅप रेकॉर्डचा निर्माता. माझ्या मते त्याच्या बाबतीत ती एकच आहेत, आणि ते त्याच्या ड्रममध्ये ऐकू येतं.

१९८०च्या दशकात डब्ल्यूबीएलएस, १०७.५ एफएम या स्टेशनवर मिस्टर मॅजिक ‘रॅप अटॅक’ हा कार्यक्रम करत असे आणि मार्ली त्याचा डीजे होता. १९८४ साली यूटीएफओ हा रॅप गट मॅजिकने ठरवलेल्या एका कार्यक्रमाला आलाच नाही. तेव्हा त्याच वसाहतीतल्या रॉक्सॅन शांते या किशोरवयीन मुलीने, त्या गटाच्याच रेकॉर्डमधल्या संगीतावर, मार्लीच्या घरी एका दमात त्या गटाला उत्तर देणारं गाणं ध्वनिमुद्रित केलं. मॅजिकने ते हवेत सोडलं आणि शहरभर गाजलं. बीट वापरल्याबद्दल हरकत आली, म्हणून पुढे ते नव्या बीटवर पुन्हा करावं लागलं. घरात केलेलं गाणं थेट अँटेनापर्यंत नेता येतं, हे त्या रेकॉर्डने दाखवून दिलं.

आता ड्रमकडे वळू, कारण त्याचं खरं मोठेपण तिथे आहे. तोवर डीजेसमोर मुख्यतः दोन वाटा होत्या. ड्रम मशीन वापरलं, तर ठेका आपला पण आवाज यंत्राचा. जुन्या रेकॉर्डचा ब्रेक, म्हणजे फक्त ड्रम वाजतात तो तुकडा, दोन टर्नटेबलवर आलटून पालटून वाजवला, तर आवाज जिवंत पण ठेका दुसऱ्याचा. एका रेकॉर्डिंगच्या वेळी मार्ली रेकॉर्डमधला वेगळाच तुकडा उचलत होता आणि त्यात चुकून स्नेअरचा, म्हणजे काठीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमचा, एक आघात आला. तो एकटा वाजवून पाहताच त्याला कळलं, की कुठल्याही रेकॉर्डमधला एकेक आघात सुटा काढून आपल्या ठेक्यात बसवता येतो. उस्तादांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतला फक्त एक ‘धा’ घ्यावा आणि त्यावर आपला कायदा बांधावा, तसं हे.

त्याने वापरलेली जोडणी साधी होती. कॉर्ग एसडीडी-२००० हा डिजिटल डिले, म्हणजे आवाज उशिराने परत ऐकवणारं यंत्र, छोटा आवाज स्मृतीत धरून ठेवतो आणि बाहेरून इशारा आला की तो वाजवतो. रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनला असे इशारे पाठवणारी तीन आउटपुट आहेत. ठेका ८०८ वर लिहायचा आणि आवाज डिलेमधून काढायचा. रॅपर एमसी शॅनच्या १९८६च्या ‘द ब्रिज’ या गाण्यातले ड्रम हनी ड्रिपर्सच्या १९७३च्या ‘इम्पीच द प्रेसिडेंट’मधून आले आहेत.

हे करताना बिघडतं ते बहुतेक आघाताच्या सुरुवातीला. सॅम्पल, म्हणजे उचललेला तुकडा, आघाताच्या आधी १५-२० मिलिसेकंद सुरू झालं, तर ठेका मागे ओढल्यासारखा वाटतो. उशिरा सुरू झालं, तर काठीचा टणत्कार कापला जातो आणि स्नेअर मऊ पडतो. रेकॉर्डमधल्या किकखाली (किक म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम) ८०८ची किक घातल्यावर बास वाढण्याऐवजी गायब झाला, तर दोन्ही लहरी एकमेकींना खोडत आहेत असं समजा. एकीची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली बाजू, उलटी करा किंवा तिला किंचित सरकवा.

पुढे १९८७ला ई-म्यूचं एसपी-१२०० हे सॅम्पल घेऊन वाजवणारं यंत्र आलं. १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ, एकूण जेमतेम १० सेकंदांची स्मृती आणि एका सॅम्पलला जास्तीत जास्त २.५ सेकंद. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत, चार मात्रांचा एक बार (आवर्तन) २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे तो मावतच नाही. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांचा एलपी ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून सॅम्पल घेत. तोच बार १.९८ सेकंदांत बसतो. मग यंत्रात तो सुमारे पाच अर्धस्वर खाली आणायचा. त्यात वरचे स्वर जातात आणि एक खरखरीत दाणा येतो. आज तोच दाणा मिळवायला लोक संगणकावरची प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) विकत घेतात.

आणि आता रेडिओ. अमेरिकेतल्या एफएमवर प्रसारणाआधी वरच्या पट्टीतले स्वर उचलले जातात आणि नंतर लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारं यंत्र, बसतो. हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) फार झगझगीत ठेवला, तर लिमिटर त्याच्यावर झडप घालतो आणि गायकासकट सगळंच दाबून टाकतो. किकचा सगळा जोर ५० हर्ट्झच्या खाली असला, तर छोट्या रेडिओवर किक ऐकूच येत नाही. रेकॉर्डमधून उचललेल्या किक-स्नेअरमध्ये मधल्या पट्टीचा भरणा असतो, म्हणून ते त्या छोट्या स्पीकरमधूनही ठोस वाजतात. दर आठवड्याला स्टेशनवर बसणाऱ्या माणसाला हे वाचून शिकावं लागत नाही.

कोल्ड चिलिन’ या कंपनीत त्याने बिझ मार्की, बिग डॅडी केन, कूल जी रॅप या रॅपरांच्या रेकॉर्ड केल्या. रॅपर एलएल कूल जेच्या ‘जिंगलिंग बेबी’ या गाण्याचा त्याने केलेला रीमिक्स चालला आणि त्यातून १९९०चा ‘मामा सेड नॉक यू आउट’ हा आल्बम त्याच्याकडे आला.

डिसेंबर १९९१मध्ये बिझ मार्कीच्या एका गाण्यावर न्यायालयाचा निकाल लागला आणि परवानगीशिवाय वापरलेल्या सॅम्पलमुळे त्या आल्बमची विक्री थांबली. ते गाणं मार्लीचं नव्हतं, पण फटका सगळ्यांना बसला. अख्ख्या लुपाची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याची, परवानगी महाग झाली. तुमच्यापैकी जे लॅपटॉपवर बीट करतात त्यांनी प्रत्येक सॅम्पलसोबत रेकॉर्डचं नाव, बाजू, गाणं आणि मिनिट-सेकंद त्याच दिवशी लिहून ठेवावं. परवानगी मागायची वेळ येते तेव्हा प्रोजेक्ट फाइलमध्ये बहुधा फक्त ‘ड्रम ३’ एवढंच उरलेलं असतं.