तिवराचं पान आणि बाटलीतली वाळू

नमस्कार श्रोतेहो. फेब्रुवारी लागला की शाळाशाळांतून 28 तारखेच्या विज्ञान दिनाची गडबड सुरू होते. आणि प्रदर्शनात एका टेबलावर ती उलटी बाटली असतेच. आत खडे, वाळू, कोळसा, आणि खाली पेल्यात थेंब थेंब गळणारं पाणी. महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवताना ही बाटली मी कितीतरी वर्गांकडून करून घेतली. आज ती कशी करायची ते सांगते, आणि तिने मला काय शिकवलं तेही सांगते.

पावसाचं पाणी मातीतून, मुरुमातून, वाळूतून वाट काढत विहिरीच्या झऱ्याला लागतं. तोच प्रवास आपण वीतभर उंचीत करायचा. दोन लिटरच्या बाटलीचं बूड कापा आणि ती उलटी धरा. तोंडाला सुती कापडाची दुहेरी घडी बांधा, आतून कापसाचा बोळा बसवा. त्यावर लाकडी कोळसा, ज्वारीच्या दाण्याएवढा कुटलेला. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे मागा, मूठभर कुणीही देतो. त्यावर बारीक वाळू, मग जाडी वाळू, सगळ्यात वर खडे. भरण्याआधी सगळं धुवा. कोळसा तर काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. पुन्हा सांगते, कोळसा धुतल्याशिवाय भरू नका.

कुंडीतली चमचाभर माती पाण्यात कालवा, गाळ थोडा बसू द्या, मग वरचं पाणी ओता. एकदम नाही. खड्यांवर एक पान ठेवा आणि त्या पानावर बारीक धार सोडा, म्हणजे खालच्या वाळूत खड्डा पडत नाही. पाणी सावकाश उतरलं पाहिजे. सावकाश उतरलं तरच गाळ वाळूत अडकतो.

आणि पालकांना एक विनंती. बाटली मुलांना कापू द्या, कात्री लागेल अशी भीती असेल तर शेजारी बसा, पण हात त्यांचेच लागू द्या. प्रदर्शनात आईबाबांनी रात्री जागून केलेले देखणे प्रकल्प दिसतात आणि मुलाला एक प्रश्न विचारला की ते आईकडे बघतं. मला त्या मुलांचं फार वाईट वाटतं.

तर आमचा सातवीचा वर्ग. वाळू आणायचं काम एका कोळीवाड्यातल्या मुलाने अंगावर घेतलं. मागच्या बाकावर बसायचा, हात क्वचितच वर करायचा. पिशवीभर वाळू घेऊन आला, एकदा धुतलीही. बाटली भरली, मातीचं पाणी ओतलं, सगळे श्वास रोखून बघत राहिले. पहिले दोन पेले आम्ही फेकले. तिसरा पेला असा निवळशंख आला की वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने पेला उचलून तोंडाला लावला.

मी झडप घालून तिचा हात धरला. ती घाबरली. म्हणाली, "बाई, स्वच्छ झालंय की!"

मी जंतूंबद्दल सांगू लागले. डोळ्यांना न दिसणारे, वाळूच्या फटींतून आरामात खाली येणारे. पण तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला पटत नाहीये. डोळ्यांसमोर चकचकीत पाणी आहे आणि बाई न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

तेव्हा मागून आवाज आला. "बाई, ते खारट असणार. वाळू आमच्या किनाऱ्यावरची आहे."

मी प्रयोगशाळेतून स्टीलची पळी आणली. पेल्यातलं थोडं पाणी तिच्यात घेतलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. पाणी आटलं. पळीच्या तळाशी पांढरा थर उरला. ती मुलगी कितीतरी वेळ पळीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे हे त्या पाण्यात होतं?" होय, होतं, आणि दिसत नव्हतं. जंतूंचं जे मला शब्दांत पटवता येत नव्हतं ते त्या पांढऱ्या डागाने पटवलं. निवळ दिसणारं पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही.

मी म्हटलं, विरघळलेलं मीठ वाळूला पकडता येत नाही. त्यावर तो मुलगा म्हणाला, "पण आमच्या तिवराला येतं." तिवर म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं झाड.

दुसऱ्या दिवशी त्याने खाडीकाठी गळलेली तिवराची पानं वहीत घालून आणली. हिवाळ्याचे कोरडे दिवस होते. भिंगाखाली पानावर मिठाचे बारीक कण लखलखत होते. अख्ख्या वर्गाने रांग लावून बघितले. तिवराची मुळं खाऱ्या पाण्यातलं बरंचसं मीठ दारातच अडवतात, आणि जे आत शिरतं ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याने ते लहानपणापासून हाताला लागलेल्या पानावरून ओळखलं होतं. खाडीकाठच्या जागेला पडीक म्हणणाऱ्यांनी एकदा ते पान भिंगाखाली धरावं. तिवरं तोडून भराव टाकलेला दिसला की माझ्या पोटात अजूनही कालवतं.

प्रदर्शनाच्या दिवशी तो मुलगा हातात पळी घेऊन टेबलापाशी उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला आधी पेला दाखवायचा, मग पळी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेवायलासुद्धा गेला नाही.

आता थोडं मोठ्यांसाठी. शहराला पाणी पुरवणारा वाळूचा थर जंतू मुळीच अडवत नाही असं नाही. 1892 साली जर्मनीत हॅम्बुर्गला कॉलराने आठ हजारांवर माणसं दगावली. शेजारचं आल्टोना त्याच एल्ब नदीचं, प्रवाहात खालच्या बाजूचं पाणी घेत होतं, पण ते वाळूतून सावकाश गाळून, आणि ते गाव बरंचसं वाचलं. अशा वाळूवर काही आठवड्यांत सूक्ष्मजीवांची साय धरते, ती जंतूंना खाते. आपल्या बाटलीवर एका दुपारी ती साय धरत नाही. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातसुद्धा तुरटीसारख्या रसायनाने गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, आणि तरी शेवटी क्लोरीन घालतात. म्हणून बाटलीतलं पाणी पिऊ नका. मुलांना आधीच बजावा, पिऊ नका.

घरी करताना वाळू चौपाटीवरून आणू नका, मासे पाळण्याच्या दुकानातली घ्या आणि चार पाण्यांत धुवा. पळीचा प्रयोग करायचा असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ स्वतः विरघळवा, गाळा, आणि गॅसवर आटवा. पळी मोठ्यांनी धरायची, सांडशीने. मातीचं गाळलेलं पाणी कुंडीला चालतं. मिठाचं मात्र तुळशीला घालू नका, ते मोरीत ओता. नमस्कार.