शाईच्या आधी कागद

(दृश्य : मेणवलीचा घाट, सकाळ. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन पायऱ्यांवर बसलेली मुलं.)

वाईपासून 3 किलोमीटरवर मेणवली. वर नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट. पेन-इंकचं काम करणाऱ्याचा इथून पाय निघत नाही. पायरीची धार, दोन चिऱ्यांमधली फट, भिंतीवरचा पाण्याचा ओघळ, सगळं रेघेत धरण्याजोगं. इंटरमिजिएटला बसणारी पोरं काय आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी काय, वही उघडून बसलेलं कुणी ना कुणी इथे दिसतंच.

यातल्या पुष्कळांच्या पिशवीत तीन-चार भारी पेनं असतात आणि कागद मात्र झेरॉक्सचा. गणित इथेच चुकतं.

(दृश्य : भिंगातून दोन रेघा.)

पेन एक, शाई एक, रेघ ओढणारा हातही एकच. डावीकडे 75 जीएसएमचा झेरॉक्सचा कागद. रेघेच्या दोन्ही कडांना बारीक केस फुटलेत. उजवीकडे चांगला कार्ट्रिज पेपर. इथे कड सुरीनं कापल्यासारखी. कागद बनवताना त्याला सरसासारखा लेप देतात, त्याला साइझिंग म्हणतात. लेप नीट असेल तर शाई वर थांबते आणि तिथेच वाळते. कमी असेल तर कागदाचे तंतू तिला आत ओढतात, आणि शाई फुटते.

जीएसएमच्या आकड्याला उगाच भुलू नका. एक चौरस मीटर कागदाचं ते ग्रॅममधलं वजन, बाकी काही नाही. 300 जीएसएमचा खरखरीत वॉटरकलर पेपर महाग असतो, वजनदार असतो, आणि टाकाला मात्र छळतो. निबची टोकं तंतूंत अडकतात, सुटताना शिंतोडे उडवतात. निव्वळ रेघकामाला गुळगुळीत कागद घ्यावा : आयव्हरी, ब्रिस्टल, किंवा 150-200 जीएसएमचा बरा कार्ट्रिज. रेघांवर वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या पातळ रंगाचा हात, द्यायचा असेल तरच 300चा विचार करा, आणि तोही हॉट प्रेस, म्हणजे सपाट पाठीचा.

दुकानात गेल्यावर पेन आधी मागू नका. कागदाचा एक तुकडा मागा, खिशातलं आपलं पेन काढा, एक रेघ ओढा, तिच्यावर फुली मारा, शाई फुटते का बघा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. या भागात जुलै-ऑगस्टात कागद सर्दावतो, आणि एरवी गुणी असलेला कागदही शाई पसरवू लागतो. पॅड खिडकीपाशी उघडं टाकू नये. प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवावं.

(दृश्य : वाड्याचा लाकडी सज्जा. मग मोडी कागदाचा जवळून घेतलेला शॉट.)

नानांच्या या वाड्यातले कागद ‘मेणवली दफ्तर’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. नाना 1800 साली गेले. त्या काळचे मोडी कागद आजही वाचता येतात, कारण शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन उजेडानं उडत नाही. पण एकट्या शाईला श्रेय देऊ नका. हातकागदाला खळ लावून, गुळगुळीत दगडानं घोटून मगच बोरू टेकवत. साइझिंगच झालं की हे!

त्या शाईत डिंक असे. डिंकाची शाई उडत नाही, पण पाणी लागलं तर सुटू शकते. आज बाटलीत मिळणाऱ्या काळ्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये काजळीच असते, फक्त डिंकाच्या जागी बहुधा लाख. लाख वाळली की पाण्याला दाद देत नाही. म्हणूनच ही शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये. आत वाळली की पेन कामातून गेलं. उलट फाउंटन पेनची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पेनात सुरळीत वाहते, पण चित्र भिंतीवर टांगलं की उन्हानं फिकी पडते.

दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, तो पुढे कॅमलिन झाला. घरोघरी पोचलेल्या त्या उंटाच्या शिक्क्याखाली लिहायची शाईही मिळते आणि ड्रॉइंगचीही. तेव्हा शिक्का बघून बाटली उचलू नका, लेबल वाचा. खात्री नसेल तर रेघ ओढा, पुरती वाळू द्या, ओल्या बोटानं पुसा.

(दृश्य : टाक, बोरू, फाइनलायनर.)

पेनांबद्दल थोडक्यात. फाइनलायनर म्हणजे बारीक टोकाचं तयार शाईचं पेन. त्यावरचे आकडे फसवे असतात : मायक्रॉन या ब्रँडच्या 005ची रेघ 0.20 मिलिमीटरची, 01ची 0.25, 05ची 0.45. पूर्ण संच घ्यायची गरज नाही, 01 आणि 05वर सगळा घाट निघतो. टाकाची मजा वेगळी, दाबलं की रेघ जाड, सोडलं की बारीक. फक्त नव्या निबला गंजू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर असतो, तो काढल्याशिवाय निब शाई धरत नाही. किंचित टूथपेस्ट लावून चोळा, धुवा, कोरडी करा. आणि झाडांना, पारंब्यांना बोरू काढा. त्याची ओबडधोबड रेघ तिथे शोभते.

(दृश्य : घाटावरच्या दगडी घुमटीतली घंटा. एक मुलगी तिचं चित्र काढते आहे.)

ही घंटा पोर्तुगिजांची. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून आणलेली. चित्रात ती उजळ दिसायची तर मागचा अंधार सलग काळा हवा. ही मुलगी तो फाइनलायनरनं भरायला निघाली होती. सरांनी थांबवलं. टोक झिजतं आणि काळ्यात पट्टे उमटतात. त्यापेक्षा बाटलीतली शाई आणि 4 नंबरचा ब्रश. ब्रश मात्र जुना, नायलॉनचा, आणि काम झाल्या झाल्या धुतलेला. सेबलच्या, म्हणजे प्राण्याच्या केसांच्या भारी ब्रशात लाख एकदा वाळली की तो ब्रश पुन्हा टोकाला येत नाही.