टाच टेकेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मृग लागण्याच्या आत घरावरचे कवेलू सारखे करून घ्यायचे, ही आपल्या विदर्भातल्या खेड्यांतली जुनी रीत आहे. त्याच कामासाठी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी शिडीवर चढलो, शिडी सारवलेल्या अंगणात सरकली आणि मी सात-आठ फुटांवरून उभाच्या उभा खाली आलो. दोन्ही पायांवर उतरल्यामुळे क्षणभर वाचलो असेच वाटले; उजव्या टाचेने सगळा भार घेतला होता, हे पुढचे पाऊल टाकताना कळले. माणसाच्या एका पावलात 26 हाडे असतात आणि त्यांतले सर्वांत मोठे हाड टाचेचे असते. उंचावरून सरळ आदळल्यावर ते चेपले जाते आणि दणका जोराचा असेल तर तो पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो, म्हणून डॉक्टरांनी पावलाच्या बरोबरीने माझी पाठही नीट तपासली.

शस्त्रक्रिया मात्र लगेच झाली नाही. सूज उतरून पावलाच्या कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागेपर्यंत थांबावे लागेल, कारण तट्ट ताणलेल्या कातडीवर चीर दिली तर जखम भरायला त्रास होतो, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि मी नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पायावर सुरकुत्या शोधत बसलो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी सुरकुती दिसल्याचा आनंद झालेला मनुष्य बहुधा मीच असेन. नंतर पट्टी आणि स्क्रू बसवून हाड जुळवले गेले आणि घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, अजून दहा-बारा आठवडे हा पाय जमिनीला लावायचा नाही.” दवाखान्याच्या उंच पलंगावर बसून हे वाक्य ऐकायला सोपे होते.

घरी आल्यावर ध्यानात आले की आपली घरे उकिडवे बसणाऱ्या, मांडी घालणाऱ्या आणि उंबरठा ओलांडणाऱ्या माणसासाठी बांधलेली असतात. आपण जेवतो खाली बसून, आंघोळ करतो न्हाणीतल्या दगडावर बसून, निजतो गुडघ्याएवढ्या उंचीच्या बाजेवर, आणि शौचालय असते मागच्या अंगणाच्या टोकाला. एका पायाच्या माणसाला बसता येते, पण उठता येत नाही. म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली आहे, त्यांनी दवाखान्याची पिशवी भरण्याआधी घराची मापे घ्यावीत, असे मी कळकळीने सांगेन. माझ्या बाबतीत ती उलटी गंगा झाली. मी परत आल्यावर मुलाने वॉकर दारात लावून पाहिला, तेव्हा तो न्हाणीच्या दारातून आत जात नाही, हे कळले. मग दाराची चौकट तशीच ठेवून आंघोळीची जागाच सपरीच्या, म्हणजे पडवीच्या, कोपऱ्यात साडीच्या आडोशामागे आणली.

शौचाची अडचण कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी बोलतो. देशी शौचालयावर एका पायाने बसणे अशक्य आहे आणि तसा प्रयत्न करणे धोक्याचे आहे. बरेच जण प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडतात, पण ती खुर्ची ओल्या फरशीवर सरकते आणि भोक पाडल्यावर कमजोरही होते. आम्ही गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चार पायांची लोखंडी बैठक करून घेतली, तिच्या पायांना रबर बसवले आणि भिंतीत हाताच्या उंचीवर एक पाइप घट्ट केला. रात्रीसाठी मात्र लघवीचे भांडे बाजेजवळच ठेवले. पहिले दोन दिवस मला त्याची लाज वाटली आणि तिसऱ्या रात्री धो धो पाऊस व अंधार पाहून ती गेली. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि विंचूकाट्याचे दिवस असतात. त्यामुळे बॅटरी उशाशी न ठेवता दोरीने गळ्यात अडकवावी, कारण वॉकर धरल्यावर ती हातात घेताच येत नाही.

हात रिकामे नसणे, हे या आजारपणाचे खरे दुखणे आहे. पाय एक गेला असे आपण समजतो, पण वॉकरच्या दोन्ही दांड्या धरल्या की दोन्ही हातही जातात. पाण्याचा पेला, औषधाची पुडी, वर्तमानपत्र, काहीच आपले आपण नेता येत नाही. शाळेत नेत असे ती शबनम पिशवी मी गळ्यात अडकवू लागलो आणि झाकणाची बाटली, चष्मा, मोबाईल तिच्यात घालून घरभर फिरलो. चहा मात्र पिशवीत नेता येत नाही. शेवटी मी चुलीजवळ खुर्ची टाकून तिथेच चहा घेऊ लागलो आणि छत्तीस वर्षांच्या संसारात प्रथमच स्वयंपाकघरात रोज अर्धा तास बसलो. पेरणीच्या दिवसांत पत्नी पहाटे चारला उठून माझे, घराचे आणि वावराचे कसे जुळवते, हे मला त्या खुर्चीवरून दिसले. माझ्या जागी तिची टाच मोडली असती, तर तिला बारा आठवडे बाजेवर बसू दिले असते का, हा प्रश्न मला तिथेच पडला. आमच्याच गावात पावलाची शस्त्रक्रिया झालेली एक बाई सहाव्या आठवड्यात भाकरी थापायला बसल्याचे मी पाहिले आहे. घरच्या बाईचा पाय दुखावला असेल तर वॉकर आणण्याआधी भाकरी कोण करणार हे ठरवावे.

काही गोष्टी मी चुकून शिकलो, त्या सांगतो. कुबड्या बगलेत दाबून मी पहिल्या दिवशी अंगणापर्यंत गेलो आणि संध्याकाळी हाताला मुंग्या आल्या. कुबडीच्या टोकात आणि बगलेत दोन-तीन बोटांचे अंतर असावे आणि भार तळहातांवर यावा, नाहीतर बगलेतल्या नसा दबतात. काळ्या मातीतला चिखल कुबडीच्या रबरी बुचाला असा चिकटतो की दर दहा पावलांनी कुबडीचे वजन वाढते, आणि तेच ओले बूच घरातल्या फरशीवर टेकवले की घसरते. म्हणून दाराशी एक गोणपाट आणि एक कोरडे फडके कायम ठेवले. पायरी चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी, हे आमच्या नातवाने पाढ्यासारखे पाठ केले आणि प्रत्येक पायरीवर मला म्हणून दाखवले.

पाय लोंबकळत ठेवला की अर्ध्या तासात बोटे वांग्यासारखी जांभळी दिसत. झोपताना पाऊल हृदयाच्या पातळीच्या वर राहावे, यासाठी आम्ही बाजेच्या पायथ्याकडील खुरांखाली विटा ठेवल्या आणि पायाखाली गोधडीची घडी दिली. प्लास्टरमध्ये खाज सुटली म्हणून तुराटीची काडी आत घालण्याचा मोह होतो, तो टाळावा; आत झालेली जखम दिसत नाही. बोटे गार किंवा निळी पडली, बधिर झाली, जखमेतून पू किंवा वास आला, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. पोटरी एकाएकी दुखून सुजली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि छातीत दुखून दम लागला तर ताबडतोब 108 क्रमांकावर फोन करावा, कारण पडून राहिलेल्या पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. ती होऊ नये म्हणूनच बाजेवर असतानाही चांगला पाय, गुडघा (म्हणजे आपला टोंगळा) आणि डॉक्टर परवानगी देतील तेवढी बोटे हलवत राहायची असतात.

भेटायला येणाऱ्यांविषयी थोडे बोलणे भाग आहे. माणसे प्रेमाने येतात, पण येताना खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, घेऊन येतात. “गुरुजी, बसून बसून कंटाळले असाल, घ्या थोडा,” असे म्हणून पुडी पुढे करणाऱ्यांची संख्या मी मोजली नाही. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात. टाचेवरच्या चिरेच्या बाबतीत तर डॉक्टर याविषयी फार कडक असतात. मी खर्रा आयुष्यात खाल्ला नाही, त्यामुळे मला सोपे गेले. टाक्यांवर गरम तेल चोळण्याचा सल्ला देणाऱ्यांना मात्र मी चहा पाजून परत पाठवत असे.

नवव्या आठवड्यात क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा थोडे आधीच पायावर वीस किलो भार देण्यास सांगितले. वीस किलो म्हणजे किती, हे पायाला कसे समजावे? मुलाने किराणा दुकानातला धान्याचा काटा आणला. मी वॉकर धरून उभा राहिलो, उजवे पाऊल काट्यावर ठेवले आणि हळूहळू दाबत गेलो. आठवर घाम फुटला, चौदावर डोळे मिटले, आणि वीस आकडा आला तेव्हा सगळ्या घराने तो मोठ्याने वाचला. असे रोज दहा वेळा केल्यावर पायाला तो दाब ओळखता येऊ लागला, मग दर आठवड्याला आकडा वाढत गेला. पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळताना मी काठी घेऊन दोन्ही पायांवर उभा होतो, जरी तोरणापर्यंत त्यांच्यामागे जाता आले नाही.

आजही संध्याकाळी पाऊल थोडे सुजते. डांबरी रस्त्यावर मी दोन किलोमीटर चालतो, पण वावरातल्या ढेकळांवर टाच वाकडी पडते, म्हणून धुऱ्यावरूनच पीक पाहून परत येतो. खाली मांडी घालून बसणे अजून साधलेले नाही. गेल्या महिन्यात गावात लग्नाची पंगत होती. पूर्वी मी अशा वेळी जेवलोच नाही असे सांगून निघून आलो असतो. या वेळी मीच वाढप्याला हाक मारून एक खुर्ची मागितली, पत्रावळ स्टुलावर ठेवली आणि पंगतीबरोबरच जेवलो.