बाई, माय आणि मॅडम

श्रोतेहो, नमस्कार.

परवा जळगावच्या बाजारात भरिताची वांगी निवडत होते. विकणारी माझ्याहून लहानच, पण म्हणाली, "घे ना वं माय, ताजी आहेत." तेवढ्यात मागून एक तरुण म्हणाला, "मॅडम, जरा सरका." एका मिनिटात मी माय झाले आणि मॅडमही झाले!

आपल्याकडची ही 'माय' मोठी मजेची. पुरुषाला जसं 'भो', तसं बाईमाणसाला 'माय'. सासू सुनेला म्हणते, आजी पाळण्यातल्या नातीलाही म्हणते. वय नको की कुंकू नको.

कागदावर मात्र पहिला प्रश्न नवऱ्याचाच. कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती. पुरुषाचं श्री. लग्नाआधी, लग्नानंतर, बायको गेल्यावरही श्री.च. त्यात 'श्रीमती'चा घोळ वेगळा. हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली. आपल्याकडे मात्र बरेच जण तो शब्द विधवेसाठी राखून ठेवतात. एकदा मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या व्याह्यांची पत्रिका आली, तिच्यावर सासूबाईंच्या नावामागे 'श्रीमती'. सासूबाईंनी पत्रिका पालथी घातली. सासरे ओट्यावर तंबाखू मळत बसले होते हो!

ही खोड फक्त आपलीच नाही. इंग्रजीतल्या मिस आणि मिसेस या दोघींचं मूळ एकच, 'मिस्ट्रेस', म्हणजे घरधनीण. पुढे लग्नावरून वाटण्या झाल्या. लग्नाची चौकशी न करणारं 'मिझ' 1901 साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रानं सुचवलं; न्यूयॉर्क टाइम्सनं ते स्वीकारायला 1986 उजाडलं. जर्मनीत बिनलग्नाची ती 'फ्रॉइलाइन', शब्दशः छोटी बाई, मग ती साठीची का असेना. पश्चिम जर्मनीच्या सरकारी कागदांतून तो शब्द 1972 मध्ये गेला. फ्रान्सच्या सरकारी अर्जांतलं 'मादमोझेल' तर 2012 पर्यंत टिकून होतं.

आणि आपण ज्याला मान समजतो ते 'मॅडम' मुळात फ्रेंच, 'माझी मालकीण'. मी शाळेत लागले तेव्हा पोरं मला 'बाई' म्हणत. निवृत्त होईपर्यंत मॅडम झाले होते. मधल्या काळात 'बाई' शहरात भांडी घासायला लागली ना! "आज आमची बाई आली नाही," असं एकदा कानावर पडायला लागलं, की वर्गातल्या बाईंना तो शब्द टोचू लागतो. मलाही टोचला, खोटं कशाला बोलू? कामाला कमी लेखलं आपण, आणि उतरला शब्द.

तरी खानदेशात तो पुरता उतरलेला नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर बसते ती देवी कानबाई; तिला कानमॅडम म्हणायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाईंचं नाव 2018 साली आपल्या जळगावच्या विद्यापीठाला मिळालं, तेही 'बाई'सकट. तिकडे नवापूरकडे गेलात तर गुजराती 'बेन' ऐकू येईल, तीही बहीणच.

माझा एक विद्यार्थी आता अधिकारी आहे. कचेरीतून फोन केला की चारचौघांत मला मॅडम म्हणतो. गेल्या श्रावणात मात्र घरून फोन आला, "बाई, कानबाई बसवली आहे. दर्शनाला या."

गेले की मी, लगेच.