सिंहगड आणि चार युनिटं

नमस्कार श्रोतेहो. टाइप वन मधुमेह असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आज माझीच एक फजिती सांगतो.

पावसाळ्यात सिंहगड चढायचा होता. तासभर आधी पोहे खाल्ले, इन्सुलिनची नेहमीची चार युनिटं घेतली. अर्ध्या वाटेवर ग्लुकोजची पुडी फाडता येईना. बोटं ऐकतच नव्हती. सोबतच्या मित्राला वाटलं, थंडी वाजतेय. शुगर होती 52, म्हणजे फारच कमी.

चूक चढावर झाली नव्हती, पोह्यांच्या बशीपाशी झाली होती. इतरांचं स्वादुपिंड चालायला लागल्यावर आपणहून इन्सुलिन कमी करतं. आपण टोचलेलं मात्र परत काढता येत नाही. ते काम करत राहतं, त्यात पायांचे स्नायूही साखर ओढतात. म्हणून जेवणानंतर दोनेक तासांत व्यायाम असेल, तर त्या जेवणाचा डोसच आधी कमी करायचा. पाव भागापासून पाऊण भागापर्यंत. नेमका किती, ते व्यायाम बघून आपल्या डॉक्टरांशी ठरवा. सकाळी उपाशीपोटी फिरणाऱ्यांना ही भीती कमी, कारण जेवणाचं इन्सुलिन अंगात नसतं.

निघताना शुगर 126 ते 180 असलेली बरी. 90च्या खाली असेल तर आधी 10 ते 20 ग्रॅम ग्लुकोज घ्या. 270च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) तपासा, आणि ते वाढलेले असले तर बूट काढून ठेवा. वाटेत लो झालात, म्हणजे शुगर फार उतरली, तर 15 ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

वजनं उचलली किंवा जीव खाऊन धावलं, तर उलट शुगर चढते. कबड्डीहून आलेल्या पोराची 240 दिसली म्हणून लगेच भरपूर इन्सुलिन टोचू नका. ती बरेचदा आपोआप उतरते.

गडावर पिठलं-भाकरी झाली, घरी आलो, झोपलो. रात्री दोनला अंगावरचा शुगर मोजणारा सेन्सर बोंबलला, पुन्हा लो! रिकामे झालेले स्नायू चोवीस तासांपर्यंत साखर भरून घेत असतात. संध्याकाळी खेळणाऱ्यांनी रात्रीच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. काहींना ते त्या रात्रीपुरतं 20 टक्क्यांनी कमी करायला सांगतात.

हल्ली गडावर जायचं असलं की पोह्यांना दोनच युनिटं. ग्लुकोज पुडीत नाही, फिरकीच्या झाकणाच्या डबीत. आणि मित्राला सांगून ठेवलंय, तुझ्या विनोदावर मी चिडलो, तर आधी माझी शुगर तपास.